दुसरा डोस राहिलेल्या मुलामुलींची पत्रे

कोरोना लसीकरणाबाबतच्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाची अडचण पहिल्या डोसची नसून दुसऱ्या डोसची आहे. विदर्भातील प्राथमिक आरोग्य केंद्रांवर अनेक वर्षे वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केल्यामुळे या पत्रांतील एकही अडचण मला परकी वाटली नाही. खेड्यातील तरुणांना लसीची पर्वाच नाही, असे जे सरसकट बोलले जाते, ते ही पत्रे वाचल्यानंतर मला मुळीच मान्य करता येत नाही. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली असून लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत. पत्रे आणि उत्तरे फेब्रुवारी २०२२ च्या तिसऱ्या आठवड्यातील असून त्यांतील नियम आणि तारखा त्या वेळच्या आहेत.

प्रश्न : मी एटापल्ली तालुक्यातील असून अहेरी येथे वसतिगृहात राहून बारावीला शिकते. ५ जानेवारीला आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातच मला कोव्हॅक्सिनचा पहिला डोस मिळाला. पुढे चार-पाच दिवसांतच वर्ग बंद झाले, वसतिगृह रिकामे करायला सांगितले आणि मी गावी आले. दुसऱ्या डोसची तारीख २ फेब्रुवारी होती. पण एसटी बंद असल्यामुळे अहेरीला जाता आले नाही आणि खासगी जीपने जाण्यायेण्याइतके पैसे वडिलांकडे नव्हते. गावाजवळच्या उपकेंद्रात विचारले, तर "जिथे पहिला घेतला तिथेच दुसरा घ्या," असे उत्तर मिळाले. माझा डोस आता बुडाला का? (विद्यार्थिनी, तालुका एटापल्ली)

उत्तर : नाही, डोस बुडालेला नाही, आणि त्यासाठी तुला अहेरीला जाण्याचीही गरज नाही. पहिला डोस जिथे घेतला तिथेच दुसरा घ्यावा, असा कोणताही नियम नाही. देशातील कोणत्याही सरकारी लसीकरण केंद्रावर, मग ते दुसऱ्या जिल्ह्यातले असो वा दुसऱ्या राज्यातले, दुसरा डोस मोफत मिळतो. बंधने दोनच आहेत : लस तीच हवी आणि दोन डोसांमधले किमान अंतर पूर्ण झालेले हवे. पंधरा ते अठरा वयोगटाला ३ जानेवारीपासून फक्त कोव्हॅक्सिनच दिली जात आहे आणि तिचे किमान अंतर २८ दिवसांचे आहे. तुझे २८ दिवस २ फेब्रुवारीलाच पूर्ण झाले. आता तू कोणत्याही दिवशी डोस घेऊ शकतेस. चार ते सहा आठवड्यांच्या आत तो घेतलेला बरा, आणि तुझे सहा आठवडे १६ फेब्रुवारीला झाले. म्हणून आणखी थांबू नकोस. उशीर झाला म्हणून पहिला डोस वाया जात नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही.

उपकेंद्रातील सिस्टरनी तुला तसे का सांगितले असावे, याचा मला थोडा अंदाज आहे. लस उपकेंद्रात ठेवलेली नसते. ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शीतपेटीत २ ते ८ अंश सेल्सिअसला असते आणि सत्राच्या दिवशी बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून उपकेंद्रात नेली जाते. मोठ्या माणसांसाठी बहुधा कोविशिल्ड नेतात. कोव्हॅक्सिन त्या दिवशी डब्यात नसेल, तर सिस्टर तरी ती कुठून देणार? म्हणून तिथे जाऊन "डोस मिळेल का" असे विचारू नकोस. "कोव्हॅक्सिनचे सत्र कोणत्या दिवशी आहे आणि किती मुले जमली तर तुम्ही ती आणाल" असे विचार. तुझ्यासारखी, अहेरी, आलापल्ली किंवा गडचिरोलीहून परत आलेली मुले आजूबाजूच्या गावांत नक्कीच असतील. त्यांची नावे, पहिल्या डोसची तारीख आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक एका कागदावर लिहून तो आशाताईंकडे दे. नावांचा कागद हातात आला की सत्र लावणे आरोग्य केंद्राला सोपे जाते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. तरीही काही झाले नाही, तर तोच कागद तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोहोचवावा. जाताना आधार कार्ड किंवा महाविद्यालयाचे ओळखपत्र यांपैकी जे पहिल्या वेळी दाखवले होते तेच ने. नोंदणी प्राध्यापकांच्या किंवा वसतिगृह अधीक्षकांच्या मोबाइलवर झाली असेल, तर तो क्रमांक आधीच विचारून ठेव.

तुझ्या पत्रातील तारखा मी पुन्हा पुन्हा वाचल्या, कारण त्यांत तुझ्या एकटीची गोष्ट नाही. पहिला डोस तुमच्याकडे, तुमच्या वर्गापर्यंत चालत आला. दुसऱ्याची तारीख आली तेव्हा वर्गच बंद होता. वरच्या वर्गातील मुलांचेही नेमके असेच झाले. गेल्या वर्षी २० ऑक्टोबरला महाविद्यालये उघडली ती दोन्ही डोस घेतलेल्यांसाठी, आणि मग २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या काळात 'मिशन युवा स्वास्थ्य'मधून महाविद्यालयांतच लस देण्यात आली. ज्यांनी २५ ऑक्टोबरला कोविशिल्डचा पहिला डोस घेतला, त्यांचे दुसऱ्या डोसपर्यंतचे किमान ८४ दिवस १७ जानेवारीला भरले, आणि त्या दिवशी तिसऱ्या लाटेमुळे राज्यातील सगळी महाविद्यालये बंद होती. ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप तर अजूनही मिटलेला नाही. त्या कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल मला येथे काही म्हणायचे नाही. पण ज्या गावाला दिवसातून एकच गाडी येत होती, त्या गावच्या मुलीला "तू डोस का चुकवलास" असे विचारण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. तुझी परीक्षा ४ मार्चला सुरू होते आहे. डोस या आठवड्यातच घेतलास, तर एखाद्या दिवसाचा ताप जाऊन अभ्यासाला पुरेसा वेळ उरेल.

प्रश्न : माझे वय २२ आहे. मी पुण्यात बांधकामावर मजुरी करत असताना ९ सप्टेंबर २०२१ रोजी, गणपती बसण्याच्या आदल्या दिवशी, कोविशिल्डचा पहिला डोस घेतला. आम्हा चौघा मुलांची नोंदणी ठेकेदाराने स्वतःच्या मोबाइलवर केली होती. दिवाळीला गावी आलो आणि सोयाबीन, कापूस, तूर असे करत इथेच राहिलो. जानेवारीत गावातील कॅम्पला गेलो, तर माझ्या मोबाइल क्रमांकावर माझे नाव सापडेना. "नवीन नोंदणी करून पहिला डोस म्हणून घेऊन टाक," असे तेथील एकाने सुचवले. मी तसाच परत आलो. माझे ८४ दिवस केव्हाच उलटून गेले आहेत. आता काय करावे? (तरुण, तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : तुम्ही नवीन नोंदणी न करता परत आलात, हे चांगले केलेत. तुमचे ८४ दिवस २ डिसेंबरला पूर्ण झाले. कोविशिल्डसाठी १२ ते १६ आठवड्यांचे अंतर सांगितलेले आहे. सोळा आठवडे म्हणजे ३० डिसेंबर. त्यापुढे सात-आठ आठवडे उशीर झाला आहे, इतकेच. ८४ दिवस ही "याच्या आधी घेऊ नये" अशी मर्यादा आहे. "यानंतर चालणार नाही" असा तिचा अर्थ नाही. कित्येक तरुण नेमका उलटा अर्थ धरून बसले आहेत आणि तारीख गेली म्हणून घराबाहेर पडतच नाहीत, ही खरी काळजीची बाब आहे. पहिल्या डोसने शरीराला विषाणूची ओळख करून दिलेली असते आणि ही ओळख काही महिन्यांत पुसली जात नाही; मात्र तिच्यापासून मिळणारे संरक्षण अपुरे असते आणि हळूहळू उतरत जाते. दुसरा डोस उशिरा घेतला तरी तीच ओळख पक्की करतो. म्हणून तुम्हाला एकच डोस घ्यायचा आहे, आणि तो कोविशिल्डचाच.

दिवसांच्या अंतराविषयी गोंधळ होण्याला कारणही तसेच आहे. कोविशिल्डच्या दोन डोसांत सुरुवातीला २८ दिवसांचे अंतर होते. २२ मार्च २०२१ रोजी ते सहा ते आठ आठवडे करण्यात आले आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे झाले. एकाच घरात वडिलांना महिन्याने, काकूला दीड महिन्याने आणि मुलाला तीन महिन्यांनी दुसरा डोस घ्यायला सांगितले गेले, तर लोकांनी कोणाचे खरे मानावे? कोव्हॅक्सिनचे २८ दिवस मात्र शेवटपर्यंत तसेच राहिले. हा बदल प्रत्येक गावात समजावून सांगायला जितकी माणसे आणि जितका वेळ लागला असता, तितका तेव्हा कोणाकडेही नव्हता, कारण ते दिवस दुसऱ्या लाटेचे होते.

आता ठेकेदाराच्या मोबाइलविषयी. त्यांच्याशी संबंध बिघडलेले नसतील, तर हा प्रश्न एका फोनवर सुटण्यासारखा आहे. ज्या दिवशी कॅम्प असेल त्या सकाळी त्यांना कळवून ठेवा. कोविन या लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर त्यांच्या क्रमांकाने प्रवेश करताना येणारा ओटीपी तीनच मिनिटे चालतो. म्हणून ते फोनजवळ आहेत याची खात्री करूनच सुरुवात करा. आत गेल्यावर तुमचे प्रमाणपत्र उतरवून घ्या आणि त्यावरील संदर्भ क्रमांक वहीत लिहून ठेवा. तो क्रमांक आणि पहिल्या वेळचे ओळखपत्र दाखवले की तुमची जुनी नोंद शोधता येते आणि दुसरा डोस तिच्यापुढेच चढतो. गावात रेंज नसेल, तर हे काम आधीच आर्णीतील एखाद्या सेवा केंद्रावर करून घ्या. उरलेल्या तिघांचेही याच वेळी उरकून टाका.

ठेकेदार फोन उचलतच नसेल, तर शेवटचा उपाय म्हणून स्वतःच्या मोबाइलवर नोंदणी करून डोस घ्यावा. त्याच्यावाचून राहू नये. मात्र लस टोचण्यापूर्वी सिस्टरना "माझा हा दुसरा डोस आहे, पहिला कोविशिल्ड होता" असे स्पष्ट सांगावे. अशा वेळी कोविनवर तुमच्या नावाने पहिल्या डोसच्या दोन नोंदी दिसू लागतात. त्या जोडून घेण्याची सोय कोविनवरच तक्रार नोंदवण्याच्या भागात आहे. दोन्हीकडे नाव, जन्मवर्ष आणि ओळखपत्र जुळणे आवश्यक असते, म्हणून ओळखपत्र बदलू नका. १०७५ या क्रमांकावरही मदत मिळते.

तुमचे पत्र वाचताना मला मे २०२१ आठवला. १ मे रोजी १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली तेव्हा ती केवळ ऑनलाइन नोंदणी करणाऱ्यांनाच मिळत होती. मी ज्या ग्रामीण केंद्रावर होते, तिथे सकाळी शहरातून मोटारी येऊन थांबत. त्यांतून उतरणारी मुले सभ्य होती, रांगेत उभी राहत होती आणि त्यांनी कोणताही नियम मोडलेला नव्हता. फक्त त्यांच्याकडे चांगले इंटरनेट होते. आमच्या गावची मुले कुंपणापलीकडे दुचाकीवर बसून पाहत असत. त्यांच्यातील एक मुलगा रोज येऊन विचारायचा, "मॅडम, आज आमच्यासाठी हाये का?" आणि मला रोज नाही म्हणावे लागे. मग साठा अपुरा पडल्यामुळे राज्याने १२ मेपासून या वयोगटाचे लसीकरणच थांबवले, कारण पंचेचाळीस वर्षांवरील लोकांचे दुसरे डोस अडले होते, आणि ते आधी देणे योग्यच होते. २४ मे रोजी केंद्रावर येऊन नोंदणी करण्याची मुभा मिळाली, २१ जूनपासून देशभर अठरा वर्षांवरील सर्वांना मोफत लस मिळू लागली, आणि तेव्हा कुठे कुंपणापलीकडची मुले आत आली. शहरातील मुलांचा दुसरा डोस होऊन गेला, त्या सुमारास खेड्यातील पुष्कळ मुलांचा पहिलाही झालेला नव्हता. आज गावनिहाय यादीत खेड्यातील तरुण मागे दिसतात. परंतु ती यादी वाचणाऱ्याने हा घटनाक्रमही ध्यानात घेतला पाहिजे.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. त्याने ६ जानेवारीला पहिला डोस घेतला आणि १४ जानेवारीला तो पॉझिटिव्ह निघाला. आठवड्याभरात बरा झाला. शाळेतून आता दुसरा डोस परीक्षेपूर्वी घेण्याचा आग्रह होत आहे. त्याच्या आईला भीती वाटते. ती म्हणते, "पोराले ताप आला तं पेपर कसा देईन?" आम्ही काय करावे? (शेतकरी, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा)

उत्तर : तुमच्या मुलाने हा डोस परीक्षेपूर्वी घ्यायचा नाही. कोरोना होऊन गेलेल्या व्यक्तीने बरे झाल्यापासून तीन महिने लस घेऊ नये, असा नियम आहे. पहिल्या डोसनंतर आजार झाला असेल तर दुसरा डोसही तीन महिन्यांनीच घ्यावा, हे मे २०२१ मध्येच ठरलेले आहे, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने यंदाच्या जानेवारीत राज्यांना त्याची पुन्हा आठवण करून दिली आहे. मुलगा २१ जानेवारीच्या सुमारास बरा झाला असे धरले, तर त्याचा दुसरा डोस २१ एप्रिलनंतर येतो. दहावीची परीक्षा १५ मार्चला सुरू होऊन ४ एप्रिलला संपते. म्हणजे परीक्षा आटोपल्यावर निवांतपणे डोस घेता येईल. त्याच्या आईला हे आजच सांगा.

शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना चाचणीचा अहवाल दाखवा आणि वरील नियम सांगा. शिक्षकांचा आग्रह वाईट हेतूने नसतो. त्यांच्याकडे रोज वरून आकडे मागितले जातात आणि वर्गातील कोण मुलगा जानेवारीत आजारी होता, याची नोंद त्या आकड्यांत कुठेच नसते. मात्र लस घेणे ऐच्छिक आहे, संमतीशिवाय कोणालाही ती देण्याचे धोरण नाही, असे केंद्र सरकारने याच जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितले आहे. तेव्हा डोस राहिला म्हणून मुलाच्या परीक्षेवर गदा येईल, ही धास्ती मनातून काढून टाका.

तुमच्या पत्नीचा प्रश्न मात्र ज्यांना कोरोना झालेला नाही अशा मुलांच्या बाबतीत अगदी रास्त आहे. लसीनंतर ताप, अंगदुखी, दंड दुखणे हे होऊ शकते आणि बहुतेकांच्या बाबतीत एक-दोन दिवसांत ओसरते. दहावीच्या मुलांनी डोस फेब्रुवारीतच, शक्यतो शनिवारी घ्यावा, म्हणजे रविवार हाताशी राहतो. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबावे. ताप आल्यास पॅरासिटामॉल चालते, पण ती गोळी आधीच घेऊन ठेवण्याची गरज नाही. पेपर दोन-तीन दिवसांवर आला असेल तर सरळ परीक्षा होऊ द्यावी आणि शेवटच्या पेपरनंतर दुसऱ्याच दिवशी केंद्रावर जावे. मी आरोग्य केंद्रात बसून लोकांना नेहमी लवकर या, लवकर या असेच सांगत आले. तरीही महिन्याभराच्या विलंबाने जे बिघडत नाही, त्यासाठी एखाद्या मुलाच्या दहावीच्या पेपरला धक्का लागावा, हे मला पटत नाही.

प्रश्न : मला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे (एसएस, म्हणजे वाहक नव्हे, रुग्ण). वय १९. पहिल्या डोसनंतर ताप आला आणि दोन दिवस हातपाय खूप दुखले. त्यामुळे घरचे दुसरा डोस नको म्हणतात. (तरुणी, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया)

उत्तर : तुमच्या घरच्यांची भीती मी समजू शकते, कारण सिकलसेलच्या वेदना ज्यांनी घरात पाहिल्या आहेत त्यांना त्या शब्दांत सांगाव्या लागत नाहीत. तरीही दुसरा डोस तुम्ही घ्यावा, असेच मी सांगेन, आणि तो इतर तरुणांच्या आधी घ्यावा. मार्च २०२१ मध्ये ज्या सहव्याधींना लसीत प्राधान्य देण्यात आले, त्यांच्या सरकारी यादीत सिकलसेल होताच. लसीचा ताप एक-दोन दिवसांचा असतो; कोरोनाचा संसर्ग फुप्फुसांत उतरला तर सिकलसेल असलेल्या व्यक्तीच्या रक्तातील प्राणवायू घटून तिच्या जिवावर बेतू शकते.

थोडी तयारी मात्र करा. डोसच्या आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या. फॉलिक ॲसिड आणि चालू असल्यास हायड्रॉक्सियुरिया यांची गोळी चुकवू नका. उपाशीपोटी जाऊ नका, उन्हात पायी चालत जाऊ नका आणि थंडीत उघड्यावर बसू नका. ताप चढू लागताच पॅरासिटामॉल घ्या, कारण ताप आणि शरीरातील पाणी कमी होणे या दोन्हींनी वेदनांचा झटका सुरू होऊ शकतो. डोस उपकेंद्रात न घेता ग्रामीण रुग्णालयात घ्या, म्हणजे गरज पडल्यास सलाइन आणि डॉक्टर जवळ असतील. वेदना गोळीने थांबत नसतील, छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर घरी वाट पाहू नका. सध्या वेदनांचा झटका चालू असेल, तर तो पूर्ण शमल्यावर काही दिवसांनी डोस घ्या. तुम्ही केवळ वाहक असता (एएस), तर यांपैकी कशाचीही आवश्यकता नव्हती. वाहकांनी इतरांसारखाच डोस घ्यावा.

प्रश्न : मुलीचे वय २० आहे. पहिला डोस आमच्याकडे, माहेरी झाला. आता तिला पाचवा महिना आहे. सासरचे म्हणतात, बाळंतपणानंतर पाहू. शिवाय आधार कार्डावर माहेरचेच नाव आहे. (आई, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम)

उत्तर : गरोदर स्त्रियांना २ जुलै २०२१ पासून आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना त्याआधीच, मे महिन्यापासून, लस घेता येते. गरोदरपणात कोरोना झाला तर आजार गंभीर होण्याचा आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका वाढतो, म्हणून बाळंतपणापर्यंत थांबणे हिताचे नाही. सासरच्या मंडळींना हे तुम्ही सांगण्यापेक्षा मुलीच्या तपासणीच्या दिवशी सासूबाईंना सोबत नेऊन तेथील डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेले बरे. माझ्या पाहण्यात तरी, समोर बसवून, त्यांच्या शंका पूर्ण ऐकून घेऊन समजावले, तर बहुतेक सासवा त्याच दिवशी होकार देतात. नाव आत्ता बदलू नका. पहिला डोस ज्या आधार कार्डावर झाला त्याच नावाने दुसरा होऊ द्या. दोन्ही डोसांचे अंतिम प्रमाणपत्र हाती आल्यावर आधारवरील नाव सावकाश बदलता येईल.

प्रश्न : मी धारणी तालुक्यातील एका गावात युवक मंडळाचे काम पाहतो. आमच्या गावातील बरीच तरुण मुले-मुली एक डोस घेऊन मजुरीला बाहेर गेली आहेत. जी गावात आहेत ती म्हणतात, तिसरी लाट आली आणि सर्दी-खोकल्यावर गेली, आता दुसऱ्या डोसचे काय काम? आम्ही त्यांना काय सांगावे आणि गाव म्हणून काय करावे? (तालुका धारणी, जिल्हा अमरावती)

उत्तर : त्यांना खोटी भीती घालू नका, एवढे पहिल्यांदा सांगते. जानेवारीतील लाटेत तरुण माणसे बहुतांशी लवकर बरी झाली, हे खरेच आहे, आणि जे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते तुम्ही नाकारले, तर तुमचे पुढचे काहीही ते ऐकणार नाहीत. परंतु याच अमरावती जिल्ह्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये, बाकीच्या राज्याला दुसऱ्या लाटेची चाहूलही नीट लागली नव्हती तेव्हा, रुग्णांची एकाएकी झालेली वाढ पाहिली आणि २२ तारखेपासून टाळेबंदी सोसली. त्याआधीच्या महिन्यात इथेही लोक कोरोना गेला असेच म्हणत होते. पुढची लाट येईल की नाही आणि आली तर सौम्य असेल की नाही, हे आज कोणालाही सांगता येत नाही. मुले सुरत, पुणे, नागपूर येथून येतात ती ज्या घरात उतरतात, तिथे आजी-आजोबा असतात, अंगावर पिणारी मुले असतात. त्या घरापासून चांगले रुग्णालय किती तासांवर आहे, हे मेळघाटातल्या माणसाला मी सांगायला नको. दोन्ही डोस घेतल्यावरही संसर्ग होऊ शकतो, हेही लपवू नका. पण त्याने आजार बळावण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

बाहेर गेलेल्यांच्या बाबतीत दोन मार्ग आहेत. पहिला असा की, ते जिथे आहेत तिथेच त्यांना डोस घ्यायला लावायचा. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे मजूर या दिवसांत तेलंगणात मिरची तोडणीला जातात, तुमचे गुजरातेत किंवा बांधकामांवर असतील. नियम सर्वांना एकच आहे आणि तो मी पहिल्या पत्राच्या उत्तरात सांगितला आहे. अडचण नियमाची नसते. दिवसाची मजुरी बुडते, मुकादम सुटी देत नाही आणि परक्या भाषेत काय बोलावे ते सुचत नाही. यासाठी मंडळातील एखाद्या शिकलेल्या मुलाने प्रत्येकाचे पहिल्या डोसचे प्रमाणपत्र उतरवून त्याच्या किंवा सोबत्याच्या मोबाइलवर पाठवावे. केंद्रावर ते नुसते दाखवले तरी लसीचे नाव, तारीख आणि संदर्भ क्रमांक समोरच्याला कळतो, बोलावे लागत नाही. ज्यांना रविवारी किंवा बाजाराच्या दिवशी सुटी असते, त्यांनी ती वेळ साधावी.

दुसरा मार्ग तुमच्याच हातात आहे, आणि मला त्याचा अधिक भरवसा वाटतो. यंदा होळी १७ मार्चला आहे. तुमच्याकडचा कोरकू आदिवासी माणूस दिवाळीला आला नाही तरी होळीला गावी येतोच. त्या चार-पाच दिवसांत तुमच्या गावातील जवळजवळ प्रत्येक तरुण गावात असेल, आणि पुन्हा तसे केव्हा होईल, सांगता येत नाही. सरकारी कॅम्प सहसा सकाळी दहा ते पाच या वेळेत आणि सणाची सुटी सोडून लागतात, म्हणजे नेमके हेच दिवस वगळले जातात. तेव्हा आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन होळीच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दोन दिवस संध्याकाळचे सत्र मागून घ्या. होळीच्या रात्री आणि धुळवडीला कोणालाही बोलावू नका. त्या दिवशी दारू प्यालेल्या माणसाच्या मागे लागण्यात कोणाचेच हित नाही, आणि सणावर लसीचे सावट पडले तर पुढच्या वेळी लोक दार उघडणार नाहीत.

सत्र मागताना यादी सोबत असू द्या, आणि ती लसीप्रमाणे वेगवेगळी करा. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा मात्रा असतात आणि कुपी उघडल्यावर चार तासांत संपवावी लागते. म्हणून दोन-तीनच माणसे आली तर सिस्टरना कुपी उघडताना अवघड जाते आणि आलेल्यांना परत पाठवले जाते. एकदा दोन-अडीच कोस चालून आलेला तरुण असा परत गेला की पुन्हा येत नाही. दहा-दहांचे गट ठरवून बोलावले, तर ही वेळ येत नाही. गावातील वयस्क मंडळींना आणि भूमकाला, म्हणजे पारंपरिक वैद्याला, आधीच विश्वासात घ्या आणि सत्राच्या ठिकाणी कोरकू बोलणारा एक जण दिवसभर बसवा. यादीची वही करताना प्रत्येक नावापुढे लसीचे नाव, पहिल्या डोसची तारीख, दुसऱ्याची तारीख, नोंदवलेला मोबाइल आणि तो कोणाचा आहे हे लिहा, आणि शेवटी एक रकाना मोकळा ठेवा : सध्या कुठे आहे. आशाताईंच्या नोंदवहीत हा रकाना नसतो. तो तुम्हालाच, घरोघरी विचारून, या महिनाअखेरीपर्यंत भरावा लागेल.